तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या डिस्कमनचा आवाज खरंच चांगला असतो का?

घरी येणाऱ्यांची नजर माझ्या टेबलावरच्या जुन्या सीडी प्लेअरवर गेली की प्रश्न ठरलेला असतो: फोनवर जगातली सगळी गाणी असताना हे कशाला? आणि लगेच पुढचा, याचा आवाज खरंच चांगला असतो, की नुसती जुन्याची ओढ? शेजारी विचारतात, ऑफिसातले विचारतात, अलीकडे वयानं बरीच लहान मंडळीही विचारू लागली आहेत, कारण त्यांनाही कुणाच्या तरी माळ्यावर एखादा डिस्कमन, म्हणजे सोबत नेता येणारा छोटा सीडी प्लेअर, सापडलेला असतो. उभ्याउभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

हो, चांगला असतो. पण त्याचं श्रेय बरेच जण आकड्यांचा आवाज करणाऱ्या आतल्या कुठल्यातरी खास जपानी चिपला देतात, ते मला पटत नाही. माझ्या मते श्रेय दोन गोष्टींचं. त्या काळातल्या सीडीवर मुळात काय उतरवलंय ही एक, आणि ते वाटेत कुणीही न दाबता, न कापता कानापर्यंत येतं ही दुसरी.

थोडा इतिहास सांगतो, कारण आवाजाशी त्याचा थेट संबंध आहे. सोनीचा पहिला घरगुती सीडी प्लेअर, सीडीपी-101, जपानात ऑक्टोबर 1982 मध्ये आला. किंमत 1,68,000 येन. सुरुवातीची हौस फिटल्यावर विक्री रेंगाळली. तेव्हा सोनीचे एक वरिष्ठ अधिकारी कोझो ओसोने यांनी आपल्या इंजिनिअरांपुढे लाकडाचा एक ठोकळा ठेवला: साधारण 13.4 सेंटिमीटर लांबरुंद आणि 4 सेंटिमीटर जाड, म्हणजे सीडीच्या चार डब्या एकावर एक ठेवल्या तर होईल तेवढा. प्लेअर एवढ्यातच बसला पाहिजे, हे सांगणं. त्यातून नोव्हेंबर 1984 मध्ये डी-50 बाजारात आला, 49,800 येनांना. बॅटरीसाठी वेगळी केस होती आणि तिच्यात सहा जाडे सेल लागत. सहा सेल म्हणजे 9 व्होल्ट. पुढच्याच वर्षी टेक्निक्सचा एसएल-एक्सपी7 आला.

मला या पहिल्या पिढीबद्दल आदर आहे तो यासाठी, की हे प्लेअर फिरताना ऐकायचं खेळणं म्हणून बनवलेले नव्हते. घरच्या यंत्राचं काम लहान जागेत करायचं, हा हेतू. म्हणून त्यांना लाइन आउट आहे, घरच्या ॲम्प्लिफायरला सरळ जोडता येतं, आणि हेडफोनच्या भागालाही पुरेसा विद्युतदाब मिळतो. पुढे सगळी चढाओढ सेल किती तास पुरतो यावर आली. 9 व्होल्टवरून गाडी दोन पेन्सिल सेलांच्या 3 व्होल्टवर आली, नंतर काही मॉडेलं एकाच सेलवर चालू लागली. जड हेडफोन लावला की हा फरक कळतो. तबल्याची थाप जोरात आली की नंतरचे काही प्लेअर दमतात, आवाज मोठा होण्याऐवजी चेपतो.

आता चिपचं. आज फोनला लावायच्या स्वस्तातल्या इटुकल्या अडॅप्टरमधली चांगल्यापैकी चिपसुद्धा मोजमापात 1984 च्या चिपपेक्षा सरस ठरते. तंत्रज्ञान पुढे गेलंय आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. म्हणून एखाद्या मॉडेलची चिप दंतकथेसारखी मिरवत कुणी अवाच्या सवा किंमत सांगत असेल, तर तेवढे पैसे देऊ नका. त्या पैशांत भरपूर सीडी येतील.

सीडीच महत्त्वाची. साधारण 1990 नंतरच्या दशकात रेकॉर्डिंग जास्तीत जास्त मोठ्या आवाजाचं करायची स्पर्धा लागली. सीडीवर नोंदवायच्या पातळीला वरची मर्यादा असते, ती ओलांडता येत नाही. मग हळू भाग उचलायचा आणि मोठ्या भागाची डोकी छाटायची, एवढाच मार्ग उरतो. जुनी गाणी ‘रीमास्टर’ म्हणून पुन्हा निघाली तेव्हा बऱ्याचदा त्यांच्यावरही हाच प्रयोग झाला, आणि स्ट्रीमिंगवर हाताशी येते ती बहुधा हीच आवृत्ती. 1980 च्या दशकातली सीडी आधी हळू वाटते. व्हॉल्यूमचं चाक थोडं पुढे सरकवा. गाणाऱ्यानं घेतलेला श्वास, तानपुऱ्याचा जोड छेडल्यावर खर्जाच्या आधीची ती बारीकशी फट, ताल देणाऱ्या टाळीमागचा खोलीचा आवाज, सगळं जागच्या जागी असतं.

माझ्या सगळ्यांत आवडीचं कारण मात्र वेगळं आहे आणि फारसं कुणी सांगत नाही. सुरुवातीच्या काळातल्या काही सीडी, विशेषतः जपानी, ‘प्री-एम्फसिस’ वापरून केलेल्या आहेत. नोंदवताना वरचे स्वर मुद्दाम उचलायचे आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे, म्हणजे त्यांच्याबरोबर वरच्या पट्टीतली बारीक खरखरही खाली जाते. ही उचल थोडीथोडकी नाही, 20 किलोहर्ट्झला साडेनऊ डेसिबलच्या आसपास जाते. सीडीवर त्याची एक खूण असते. प्लेअर ती वाचतो आणि स्वर खाली आणणारा फिल्टर आपोआप लावतो. जुन्या डिस्कमनला हे येतं. पण तीच सीडी कॉम्प्युटरवर उतरवून फाइल केली, तर ही खूण बहुतेकदा मागेच राहते, फिल्टर लागत नाही, आणि गाणं टोचरं, पातळ ऐकू येतं. मग माणूस म्हणतो, ‘सुरुवातीच्या सीडींचा आवाज कर्कश होता.’ सीडी निर्दोष असते. तिला समजून घेणारं यंत्र तिच्या वाट्याला आलेलं नसतं. अशी एखादी सीडी आधी फाइल म्हणून आणि मग प्लेअरवर ऐकून बघा. झांजांचा आवाज पत्र्याचा होता तो पितळेचा होतो.

वाटेत न दाबण्याचा, म्हणजे माहिती कमी न करण्याचा, मुद्दा आकड्यांत सोपा आहे. सीडीवर दर सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटांचा, दोन चॅनल. गुणाकार करा: सेकंदाला 14 लाख 11 हजार बिट. ब्लूटूथच्या सर्वसाधारण एसबीसी पद्धतीत यातले फार तर सव्वातीन लाख हवेतून जातात, बाकीचे आधीच टाकून दिलेले असतात. वायरच्या हेडफोनला अशी काटकसर करावी लागत नाही. न दाबलेल्या फाइली वायरनं ऐकल्या तर फोनवरही ही अडचण उरत नाही, हेही सांगायला हवं. पण सीडीवाल्याला कुठलं सेटिंग तपासायची गरजच पडत नाही.

गंमत म्हणजे खुद्द सीडी प्लेअरमध्येही दाबादाबी शिरली, ती धक्का बसला तरी गाणं अडू नये यासाठी. प्लेअर पुढचं गाणं आधीच वाचून मेमरीत ठेवतो, भिंग हललं तरी मेमरीतलं वाजत राहतं. वरचाच हिशोब लावा (1 मेगाबिट म्हणजे साधारण 10 लाख बिट): 4 मेगाबिटच्या मेमरीत जेमतेम 3 सेकंद बसतात, 16 मेगाबिटमध्ये 11–12. मग झाकणावर ‘40 सेकंद’ छापू लागले ते कसं जमलं? बऱ्याच मॉडेलांत आवाज दाबूनच. सोनीच्या 1999 नंतरच्या जी-प्रोटेक्शनवाल्या प्लेअरना याचं बटण दोन पायऱ्यांचं असतं, आणि माहितीपुस्तिकेतच लिहिलेलं असतं की चांगल्या आवाजासाठी 1 वर ठेवा. टेबलावर ठेवून ऐकणार असाल तर ही सोय शक्यतो बंदच ठेवा. खालचे स्वर फुगवणारं ‘मेगा बास’ही बंद. मग तो प्लेअर काय आहे ते ऐकू येईल.

माझी भाची सुट्टीत आली होती, तिच्यासमोर हे सगळं करून पाहिलं. तुलना करायची तर दोन्हीकडचा आवाज सारखा मोठा हवा, नाहीतर जो मोठा तोच कानाला चांगला वाटतो. ही खबरदारी कुणी घेत नाही म्हणून निम्मे वाद होतात. मी मल्टीमीटर लावून एका सलग सुरावर फोन आणि प्लेअर बरोबरीला आणले, हेडफोन एकच ठेवला, आणि एका ख्यालाची जुनी सीडी आणि तिचीच स्ट्रीमिंगवरची आवृत्ती आलटून पालटून लावली. कुठलं काय ते तिला सांगितलं नाही. ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि म्हणाली, “मामा, यात ते आजोबा माझ्यापासून लांब बसलेत आणि पेटी त्यांच्या बाजूला आहे. त्या दुसऱ्यात सगळे एकाच ठिकाणी बसलेत.” लांब बसलेले आजोबा सीडीवरचे होते. एवढं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. नंतर तीच सीडी फोनवर न दाबता उतरवून वायरनं ऐकवली, तेव्हा तिला फरक जवळजवळ सांगता येईना. माझं म्हणणं हेच आहे. प्लेअर प्रामाणिक आहे, आणि खजिना त्या चकतीत आहे.

तरी मी फोनवर उतरवून मोकळा होत नाही. तासाभराची सीडी लावली की ती तासभर ऐकली जाते. विलंबित संपायच्या आत बोट पुढच्या गाण्याकडे जात नाही, कारण झाकणाआड फिरणाऱ्या चकतीवर दुसरं काही नसतंच. माझ्या ऐकण्यात याचा वाटा मोठा आहे.

आता घ्यायचा असेल तर. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी आणि मुंबईच्या चोर बाजारात अधूनमधून दिसतात. लाइन आउट असलेला, जड लागणारा प्लेअर आधी हातात घ्या. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा गंज आहे का बघा. 1980 च्या शेवटच्या आणि 1990 च्या सुरुवातीच्या मॉडेलांत बोर्डवरचे छोटे कपॅसिटर गळतात, मग एका कानाचा आवाज बसतो किंवा खरखर येते. बदलून मिळतात, पण ते धरून किंमत ठरवा. सीडी वाचत नसेल तर प्रत्येक वेळी लेझर गेलेला नसतो. भिंगावर धूळ असते, किंवा भिंग सरकवणाऱ्या दांड्यावरचं ग्रीस सुकून चिकट झालेलं असतं. भिंग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, अगदी हलक्या हातानं पुसायचं. अडॅप्टर लावण्याआधी व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण प्लेअरच्या पाठीवर वाचा, पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला असं नाही.

आणि जाताना स्वतःची एक भरलेली, सत्तर मिनिटांच्या वरची सीडी न्या. सीडी आतून बाहेर वाचली जाते. विकणारा पहिलं गाणं वाजवून दाखवेल आणि ते छानच वाजेल. तुम्ही शेवटचं लावायला सांगा, भिंगाला पार कडेपर्यंत जाऊ द्या, आणि ते न अडखळता पूर्ण वाजलं तरच पैशांचं बोला.