नक्कल

रविवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाही. कारण सांगितलं तर कुणीही म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी? म्हणून लिहितेय.

दुपारी जेवणं झाल्यावर बडीशेपेची वाटी फिरत होती आणि सिनेमाचा विषय निघाला. ज्या नटाकडून वाटलं नव्हतं त्याचं, कायमचं मनात राहिलेलं एक काम प्रत्येकाने सांगायचं. माझी पाळी आली. मी म्हटलं, 'सिंहासन'मधले निळूभाऊ फुले. पुढचं बोलायच्या आतच दादाच्या धाकट्याने मान तिरकी केली, आवाज घोगरा केला आणि म्हणाला, 'बाई, वाड्यावर या!' सगळं घर हसलं. मीही हसले.

मग त्याच भरात त्याने माझी नक्कल केली. 'गरम आहे तोवर बसून घ्या रे.' पदराला हात पुसण्यासकट. आधीपेक्षा जास्त हशा झाला, वहिनीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मी भांडी उचलली आणि आत गेले.

मुलाचा राग नाही आला. त्याच्या मनात काहीच नव्हतं, हे मला कळतं. पण एवढ्या वर्षांत मी या घरात काय काय केलं, काय काय बोलले, आणि शिल्लक राहिलं ते हे एक वाक्य? आईच्या शेवटच्या चार महिन्यांत रात्री कोण जागं होतं... जाऊ दे. तो विषय नको.

रात्री मोबाइलवर 'सिंहासन' लावला. १९७९ चा, कृष्णधवल. अर्धाच पाहिला, पण मला हवे होते ते निळूभाऊ सापडले. तोवर त्यांना लोकांनी पाटील, सरपंच, सावकार म्हणून पक्कं करून टाकलं होतं. त्याच्या चार-पाच वर्षं आधी 'सामना'त त्यांनीच हिंदूराव धोंडे पाटील केला होता, आणि तोही असा की त्या माणसाची भीती वाटते आणि त्याच्याशी गप्पा माराव्यात असंही वाटतं. समोर डॉक्टर लागूंचा मास्तर, 'मारुती कांबळेचं काय झालं' विचारणारा. दोन्ही चित्रपट जब्बार पटेलांचे, दोन्ही लिहिलेले तेंडुलकरांनी. त्याच माणसांनी निळूभाऊंना पुन्हा वाड्यावर न बसवता हातात बातमीदाराची वही दिली. दिगू टिपणीस.

आणि दिगू करतो काय? ऐकतो. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री बोलतो, लागूंचा दाभाडे बोलतो, कामगार पुढारी बोलतात. सगळ्यांना काही ना काही हवंय, आणि दिगू त्यांच्यामध्ये उभा राहून ऐकतो. त्या ऐकण्यात किती थकवा आहे! ज्या आवाजाला अख्खा महाराष्ट्र ओळखायचा, तोच आवाज त्यांनी इथे बाजूला ठेवला. शेवटी दिगू हसत सुटतो ते हसू मला आज पाहवेना, म्हणून तिथवर गेलेच नाही. दिगूची नक्कल मी कधी कुणाला करताना पाहिलेली नाही. ऐकणाऱ्या माणसाची नक्कल करणार तरी कशी?

हे मला दुपारी सांगायचं होतं. सांगितलं नाही. उलट हसले. खरा सल हाच आहे का? की माझ्यावर हसले तो? दोन्ही एकमेकांत गुंतलेत, सुटत नाहीत. पहिल्या नक्कलेला मी हसले नसते, तर दुसरी झाली असती का?

लक्ष्याचं, लक्ष्मीकांत बेर्डेचं, आठवलं. १९९२ मध्ये 'एक होता विदूषक' थिएटरात पाहिला तेव्हा आम्ही हसायलाच गेलो होतो. 'धुमधडाका', 'बनवाबनवी' डोक्यात घेऊन. पुलंनी लिहिलंय म्हणजे तर हसू दुप्पट, असा हिशेब. आणि पडद्यावर तो आबुराव, तमाशातून वर आलेला, जगाला हसवणारा, ज्याची स्वतःची मुलगी हसत नाही. मागच्या रांगेतले लोक लक्ष्याच्या प्रत्येक वाक्याला हसायची तयारी ठेवून होते, आणि हळूहळू गप्प झाले. चित्रपट चालला नाही. बाहेर पडताना मीही म्हटलं होतं, 'लक्ष्याला हे शोभत नाही.' मी म्हटलं होतं! तेव्हा मी विशीत होते, पण म्हटलं होतं हे खरं. आज तो चेहरा आठवला की पोटात कालवतं. आपण त्याला एकच दार उघडं ठेवलं होतं. तो दुसऱ्या दाराने आला, तर आपण ओळख दाखवली नाही.

'कोर्ट' सिनेमात सफाई कामगाराची विधवा झालेल्या उषा बानेंचंही सांगायचं होतं. नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजून उतरायचा, हे त्या साक्षीत इतकं साधं सांगतात... त्याबद्दल लिहायला आज बळ नाही.

एक वाजला. पुरे.

सोमवार, सकाळी

थोडी झोप लागली. रात्रीचं वाचलं. 'शिल्लक राहिलं ते हे एक वाक्य' हे खोडणार नाही, तेव्हा तसंच वाटत होतं. आता तेवढं टोचत नाही. निळूभाऊंचं एक वाक्य लोकांनी धरून ठेवलं म्हणून दिगू कुठे गेला नाही. काल मध्यरात्री तो होताच, माझ्या उशाशी. मुलाला कधीतरी शेजारी बसवून दाखवीन. तेवढा वेळ त्याला गप्प बसवणं अवघड आहे, पण बघू.

मघाशी पोहे झाले आणि सवयीने हाक मारली, 'गरम आहे तोवर बसून घ्या रे.' आज पहिल्यांदा ते माझ्या कानावर पडलं. शेवटचा 'रे' मी खाली सोडते, जवळजवळ विनवणी केल्यासारखा. आई सोडायची तसा. मला हे ठाऊक नव्हतं. काल त्याने तो अगदी तसाच सोडला होता.