तुम्ही विचारलंत म्हणून: पवनेकाठच्या केबिनचं नाव मी पटकन का सांगत नाही

"शनिवार-रविवार पवनेला केबिन घ्यायची आहे, चांगलीशी एक सांगा ना." ओळखीचे विचारतात, त्यांच्या ओळखीचेही विचारतात. मी उलट विचारते: किती जण, महिना कुठला, लहान मुलं आहेत का, रात्री शेगडी कुठे पेटवणार? तिथे समोरच्याचा उत्साह मावळतो. "तुम्ही फार घाबरवता बुवा," हेही बऱ्याचदा ऐकून झालंय. म्हणून आता सगळं एकदा नीट सांगते.

फोटोवरून केबिन कळत नाही. तिकोना, तुंग आणि लोहगड या गडांच्या मधोमध पवना धरणाचं पाणी पसरलंय, काठावर कुठेही उभं राहून फोटो काढा, तो देखणाच येणार. केबिन कशी आहे ते रात्री दहा ते पहाटे पाचमध्ये कळतं, आणि त्या वेळेबद्दल कुणीही मालकाला एक अक्षर विचारत नाही.

इथल्या बऱ्याच त्रिकोणी केबिन म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर बायसन पॅनल (सिमेंट आणि लाकडाच्या भुशाचा बोर्ड) किंवा पफ पॅनल (मधे फोम भरलेला पत्रा), वर पत्रा. आत लाकडी माळा. गरम हवा त्रिकोणाच्या टोकाशी साठते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये माळ्यावरची गादी रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. मालक माळा धरून "सहा जणांची" म्हणतो. तुम्ही विचारा, खाली पलंगावर किती झोपतात? उत्तर चार आलं तर ती केबिन चौघांची. "एक्स्ट्रा गादी टाकून देऊ" याला तर हो म्हणूच नका, पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे मुळीच नाही. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश दुखत नाही. खूणही धड दिसत नाही. पोटात कळा येतात, पापण्या उचलेनाशा होतात, तेव्हा कुठे शंका येते. पलंग हवा आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हवी. आणि १०८ ला फोन लागेल एवढी रेंज कुठल्या कंपनीच्या सिमला येते, हे निघण्याआधी विचारून ठेवायचं.

आता शेगडी. माझा सगळा जीव इथे अडकलाय.

जानेवारी २०२० मध्ये केरळातले पंधरा पर्यटक नेपाळात दामनच्या एका हॉटेलात उतरले होते. दामन उंचावर आहे, थंडी कडाक्याची. खोल्या चार घेतल्या होत्या, पण त्यातले आठ जण एकाच खोलीत झोपले: दोन जोडपी आणि त्यांची चार मुलं. गॅसचा हीटर लावला, खिडक्या बंद केल्या, दाराला आतून कडी घातली. सकाळी दार उघडेना. हेलिकॉप्टरने काठमांडूला नेलं, पण आठांतलं कुणीही वाचलं नाही. दुसऱ्या खोल्यांत झोपलेले सहप्रवासी जिवंत होते.

हे सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं: ते नेपाळ, आपल्याकडे एवढी थंडी कुठे? मान्य. पण मावळातही डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो, पाण्यावरून वारा येतो आणि केबिनच्या पातळ भिंती तो अडवत नाहीत. थंडीहूनही मला जुलैची भीती जास्त वाटते. व्हरांड्यात पाऊस आडवा येतो, चिकन अर्धं कच्चं असतं, कोळसा विझायला लागतो. कुणीतरी म्हणतं, आत घ्या शेगडी. डास येतात म्हणून दार लोटलं जातं. थंडी नसतानाही खोली दामनच्या खोलीइतकीच बंद होते.

धगधगत्या कोळशाचा धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून लोक सावध असतात. राख धरलेल्या निखाऱ्याला ना धूर, ना वास. कार्बन मोनॉक्साइड मात्र तो तासन् तास सोडत राहतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. दिवसभर गड चढलेल्या किंवा दोन पेग घेतलेल्या माणसाला यात वेगळं काही वाटत नाही. तो झोपतो. करोनापासून घरोघरी असलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे दगा देतो, कारण कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं. आकडा ९८ येतो आणि सगळे निर्धास्त होतात. खिडकी बोटभर उघडी ठेवणं हा उपाय नाही. एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं तर कारण शोधत बसू नका, सगळ्यांना बाहेर मोकळ्यावर काढा आणि १०८ ला फोन करा.

म्हणून सहा जणांना दोन किलो कोळसा पुरे. माणशी पाव किलो चिकन त्यावर आरामात होतं. उरलेले निखारे पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतून विझवायचे आणि शेगडी रात्रभर बाहेरच ठेवायची, लाकडी व्हरांड्यापासूनही लांब. पाऊस आला तर जेवण अर्ध्यावर सोडायचं. सोबत ब्रेड, अंडी आणि फरसाण न्या, म्हणजे सोडताना जिवावर येणार नाही. गॅस गिझरबद्दलही विचारा, हाच वायू त्यातूनही येऊ शकतो. तो बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर ठीक. आत असेल तर दार उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, मगच आंघोळीला जायचं. जनरेटर केबिनच्या खिडकीखाली असेल तर ती केबिन सोडा.

बाकीचं थोडक्यात. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर धरा. पुण्याहून कामशेत-पवनानगर किंवा पौड-कोळवण-तिकोना, मुंबईहून लोणावळ्यावरून दुधिवरे खिंड. खिंड अंधारात किंवा धुक्यात नको, चारच्या आत पोचा. पाण्यात उतरू नका. उन्हाळ्यात धरण आटलं की वाघेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं. जे एरवी आख्खं मंदिर लपवतं, त्या पाण्याच्या काठावरून पुढे किती खोल आहे याचा अंदाज कसा येणार? शिवाय हेच पाणी पुढे पिंपरी-चिंचवडकर पितात, तेव्हा खरकटी भांडी त्यात धुऊ नका.

पूर्वी मी छातीठोक सांगायचे की मुलं बरोबर असतील तर तंबू नको, केबिनच घ्या. दार आहे, कडी आहे, पलंग आहे. आता सांगताना त्याच दारापाशी अडखळते. तंबूत शेगडी घेतली तर तोही तितकाच घातक, हे मला कळतं, आणि मण्यारीचा विचार केला की मी पुन्हा केबिनच्या बाजूला जाते. तरी केबिनमध्ये माणूस स्वतःला घरात समजतो आणि घरातल्यासारखं दार लावून घेतो, हे मनातून जात नाही. एक मैत्रीण म्हणते, "असा विचार केला तर कुणी घराबाहेरच पडायचं नाही." मला तिला उत्तर देता आलेलं नाही.

तेव्हा किती जण, कुठला महिना, पलंग किती, शेगडी आणि गिझर कुठे, एवढं मालकाला विचारून या. मग मी नाव सांगेन. जुलै असेल तर मात्र तेव्हाही आधी शेगडीचंच विचारणार.