घरात माणसं असताना मोबाइलकडून का वाचून घेता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वाचनालयात, बचतगटाच्या बैठकीत, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणी ना कोणी म्हणतंच, "ताई, तुम्ही लिहिलेलं मोबाइलकडून वाचून घेता म्हणे. घरात माणसं आहेत की वाचाले!"

आहेत, आणि जीव लावणारी आहेत. अडचण तिथेच आहे. माझी नणंद लेख वाचते तेव्हा राहून गेलेला शब्द ती न सांगता घालते, अडखळणारं वाक्य सावरून घेते. मला काय म्हणायचंय ते तिला आधीच कळलेलं असतं. मी स्वतः वाचते तेव्हा तर नजर कागदावर असते आणि वाचत असते मी मनातलं. मोबाइलला माझ्या मनातलं काहीच ठाऊक नाही. "आणि" दोनदा पडला असेल तर तो दोनदा म्हणतो. "घरं"वरचा अनुस्वार सुटला असेल तर "घर" म्हणतो, आणि पुढे "पडली" आलं की कान लगेच टोचतो. कीबोर्ड "निंदण"चं परस्पर "निंदा" करून ठेवतो. दोन्ही शब्द मराठीच, त्यामुळे खाली लाल रेघ येत नाही. ऐकताना मात्र ते लपत नाही.

पण खरा उपयोग त्याच्या पुढचा आहे. हे वाक्य पाहा: "सोंगून गंजी लावून ठेवलेलं सोयाबीन रात्री आलेल्या पावसानं भिजू नये म्हणून ताडपत्री शोधत असताना तिच्या लक्षात आलं की ती शेजारच्यांनी नेलेली आहे." डोळ्यांना यात वावगं दिसत नाही. एकसुरी आवाजात ऐकलं की "लक्षात आलं" येईपर्यंत गंजी विसरायला होते, आणि शेजारच्यांनी बाई नेली की ताडपत्री, हाही प्रश्न पडतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य लांबलं की ऐकणारा ताटकळत राहतो. ते मी असं केलं: "सोयाबीनची गंजी लागली होती. रात्री आभाळ गडगडलं. ती ताडपत्री शोधायला धावली. ताडपत्री शेजाऱ्यांकडे." चांगला वाचणारा माणूस ते पहिलं वाक्यही आवाजाच्या चढउतारानं तारून नेईल. मशीन तारत नाही, म्हणून मला ते हवं.

ऐकून लिहिणं आपल्याकडे नवं नाही. आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी लोकांच्या तोंडून ऐकून लिहून काढल्या. तेच "लीळाचरित्र". त्या गद्यातली छोटी, बोलती वाक्यं आजही वाचताना दम लागत नाही. मराठी वाक्य आधी कानाला पटावं, असं मला मनापासून वाटतं.

करायचं कसं, तर फार काही नाही. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत "सिलेक्ट टू स्पीक" असतं. डोळ्यांनी वाचणं जड जाणाऱ्यांसाठी केलेली ही सोय, तिचा फायदा आपल्यालाही होतो. मराठी आवाज एकदा उतरवून घेतला की पुढे नेटवर्क लागत नाही, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ही मोठीच गोष्ट आहे. संगणकावर एज ब्राउझरमध्ये आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत. ते जास्त माणसासारखे वाटतात, पण त्यांना इंटरनेट लागतं. गती जरा कमी ठेवा. ऐकता ऐकता स्क्रीनवर दुरुस्त्या करू नका, एक सुधारताना पुढची दोन वाक्यं निसटतात. मी वहीत नुसती खूण करते आणि सगळं ऐकून झालं की बसते. लेख लिहिला त्याच दिवशी ऐकण्यातही अर्थ नाही, मधे एखादी रात्र जाऊ द्या.

ऱ्हस्व-दीर्घ यात सापडत नाही, हे नीट लक्षात ठेवा. "पाणि" आणि "पाणी" कानाला सारखंच. त्यासाठी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम आणि शब्दकोशच जवळ हवा. शिवाय चार आणि चारा यांतला च वेगळा, हे मशीनला दर वेळी जमत नाही. तिथे आपण थांबायचं नाही, पुढे जायचं.

आणि वऱ्हाडी संवाद मी मशीनवर कधीच सोडत नाही. "म्या सांगतलं होतं ना तुले" हे ते असं म्हणतं की ना राग उरतो ना माया. ते मी आमच्या आत्याबाईंना वाचून दाखवते. त्या शेंगा फोडता फोडता ऐकतात. खोटं वाटलं की हात थांबवून म्हणतात, "असं कोनी बोलत नाही बाई," आणि ते कसं बोलतात तेही सांगतात. त्यांनी सांगितलेलं मी तसंच्या तसं उतरवून घेते.