थ्री-नॉट-थ्रीची साइट की एसएलआरची? तुम्ही विचारलंत म्हणून

नागपुरात भेटणारा पोलीस खात्यातला प्रत्येक तरुण मला हेच विचारतो : नेम धरायला जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीची उघडी खाच चांगली की नंतरच्या एसएलआर रायफलीची पीप साइट, म्हणजे बारीक भोक? मी खाचेची बाजू घेतली की तो हसतो.

हिशेब मलाही कळतो. एसएमएलईची, म्हणजे जुन्या थ्री-नॉट-थ्रीची, बॅकसाइट (खाच) डोळ्यापासून लांब, नळीवर बसवलेली. तिच्यात आणि नळीच्या टोकावरच्या फोरसाइटमध्ये, म्हणजे माशीत, जेमतेम १९ इंच अंतर. पुढे थ्री-नॉट-थ्रीच्याच नंबर चार एनफिल्ड या नमुन्यात इंग्रजांनी बॅकसाइट डोळ्याजवळ आणून भोकाची केली आणि हे अंतर २८ इंचांवर गेले. नेम शंभरांश इंचाने हलला, तर १०० यार्डांवर पहिलीची गोळी जवळजवळ दोन इंच भरकटते, दुसरीची सव्वा इंच. शिवाय खाच, माशी आणि टार्गेट या तिन्हींवर डोळा एकदम ठरत नाही. भोकातून मात्र नुसते आरपार पाहायचे असते.

चाळिशी लागल्यावर हे अंगावर आले. वार्षिक गोळीबार सरावात, मीच शिकवलेल्या पोरांसमोर, थ्री-नॉट-थ्रीच्या माझ्या गोळ्यांची ग्रुपिंग ताटाएवढी पसरली. माशी स्वच्छ दिसत होती, पण खाचेच्या दोन्ही कडा धूसर होऊन एकमेकींत मिसळत होत्या आणि माशी मधोमध आहे की डावीकडे कलली आहे, हे कळायला मार्ग नव्हता. “हवालदार, तुमचा हात कापतोय, आता पोरांना येऊ द्या,” असे साहेब सर्वांदेखत म्हणाले. हात कापत नव्हता. त्याच दुपारी एसएलआरवर माझ्या गोळ्या एकमेकींना खेटून लागल्या. पण प्रशिक्षकांच्या यादीतून नाव तोवर कापले गेले होते आणि ते टार्गेट पाहायला कोणी थांबले नाही.

मग तरीही खाच का? पंचविशीतला मी पीप साइटला आंधळ्यांची सोय म्हणत असे. भर दुपारी रेंजवर आजचा मी त्या पंचविशीतल्याला सहज खोडून काढतो. परंतु दिवस मावळताना, पळसाच्या झुडपांत, लहान भोक उरलासुरला उजेडही गिळते आणि भोवतालची हालचाल झाकते, तेव्हा तो मला गप्प करतो.

इशापूरच्या रायफल कारखान्याने साठच्या दशकात ७.६२ मिमी काडतुसाची एसएलआर भोकाच्या साइटने बनवली आणि त्याच काडतुसाच्या, पण थ्री-नॉट-थ्रीच्या घडणीच्या टू-ए-वन रायफलीला ८०० मीटरपर्यंतची उघडी साइट ठेवली. त्यामागे जुन्या साच्यांची सोयही असेल, म्हणून हा माझ्या बाजूचा पुरावा मानू नका. पण तुम्ही ‘ते तर केव्हाच सिद्ध झालंय’ म्हणालात की मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.