पहिलं चावीचं घड्याळ कोणतं घ्यावं?

माझ्या मनगटाकडे बघून हमखास प्रश्न येतो, 'मलाही एखादं जुनं चावीचं घड्याळ घ्यायचंय. कुठलं घेऊ?' तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

आधी घरचं कपाट उघडा. लग्नात जावयाला घड्याळ द्यायची पद्धत होती आपल्याकडे. आजोबांचं एखादं पासबुकांखाली बंद पडलेलं सापडेल.

नाहीच सापडलं तर एचएमटी. त्यातली जनता किंवा पायलट ही मॉडेलं. जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं १९६१ साली बेंगळुरूला घड्याळांचा कारखाना निघाला आणि पुढे इतके नग बाहेर पडले की आजही एका बंद घड्याळाचे भाग काढून दुसऱ्याला बसवता येतात. स्विस फेवर-लुबा देखणं, प्रश्नच नाही. पण भागांसाठी वणवण होते. पहिल्याच घड्याळाला तो ताप कशाला?

खरी मेख तबकडीत आहे. बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलात तर जांभळ्या, केशरी, चकचकीत तबकड्या डोळ्यात भरतील. अशा बहुतेक नंतर रंगवलेल्या असतात. परदेशातले संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणून हिणवतात. पुणेकराला हे ऐकून जरा बरं वाटतं, पण आपल्याकडेही तोच माल खपतो. खिशात भिंग ठेवा. कारखान्यातली छपाई बारीक आणि रेखीव असते. रंगवलेल्या तबकडीवर अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांसमोर नीट येत नाहीत, कधी कधी नावच किंचित तिरकं बसलेलं असतं. पिवळी पडलेली, डागाळलेली, पण मूळची तबकडी मला केव्हाही चालेल. काचेवरच्या चरांकडे मात्र लक्ष देऊ नका. प्लास्टिकची काच पॉलिश होते, बदलूनही मिळते.

मग मागचं झाकण उघडून मशीन दाखवायला सांगा. विक्रेता कां-कूं करायला लागला तर सरळ पुढच्या पथारीकडे वळा. आत गंज नसला आणि बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे फिरणारं छोटं चाक, मोकळं झुलत असलं की झालं. चालू घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे झालं तर कुरकुर करू नका. एकदम पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं तर बहुधा चुंबकत्व लागलंय: त्या चाकाला जोडलेल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, हेअरस्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात. दुरुस्तीवाले काका ते क्षणात काढून देतात.

घेतल्यावर आधी सर्व्हिसिंग. आतलं तेल वाळलेलं असतं, तसंच चालवलं तर चाकांचे आस झिजतात. पुढे रोज सकाळी चावी द्या, अडली की थांबा. 'चावी जास्त झाली म्हणून बंद पडलं' असं लोक म्हणतात, पण त्यात बहुतेकदा वाळलेल्या तेलाचाच दोष असतो. आणि पावसाळ्यात ते घालून दुचाकीवर निघू नका, पाठीवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी. ते लिहिलं तेव्हा खरं असेल.