तुम्ही विचारलंत म्हणून: कागेरा टांझानियाचा की युगांडाचा?

व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिम काठावरील बुकोबा या गावी मी नोकरीनिमित्त काही वर्षे राहिलो, हे कळल्यावर बहुतेक जण नकाशा पाहून एकच प्रश्न विचारतात: कागेरा हा मुलूख युगांडाच्या इतका लगत असताना तो टांझानियात कसा? प्रश्न रास्त आहे. बुकोबाहून युगांडाची मुटुकुला येथील सरहद्द सुमारे ८० किलोमीटरवर आहे, तर दार-ए-सलाम या टांझानियातील सर्वांत मोठ्या शहरी रस्त्याने जायचे तर १,४०० किलोमीटरच्या आसपास अंतर कापावे लागते. उत्तर मात्र एका वाक्यात संपणारे नाही, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

आधी जमीन समजून घ्यायला हवी. सरोवरावरून येणारे वारे बाष्प घेऊन पश्चिम काठावर चढतात आणि तिथेच रिते होतात; त्यामुळे बुकोबाच्या परिसरात वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिमेकडे कारागवेच्या खोऱ्यांत उतरेपर्यंत तो निम्म्याहूनही कमी होतो. इतक्या पावसाने जमिनीचा कस वाहून जातो. इथल्या मूळ रहिवासी हाया लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या माळावरचे गवत कापून आणून आणि गुरांचे शेण घालून घराभोवतीची जमीन अक्षरशः घडवली. त्या बागेला ‘किबांजा’ म्हणतात. केळीच्या सावलीत कॉफी, कॉफीच्या बुडाशी घेवडा, आणि बागेच्या मधोमध घर. बाहेरून पाहिले तर दाट केळीखेरीज काही दिसत नाही. आत शिरले की झाडलेले अंगण लागते. पाहुण्याला इथे कॉफी प्यायला नव्हे, चघळायला देतात. रोबस्टा जातीच्या कॉफीची फळे सुवासिक पाल्यासह उकळून आणि वाळवून ठेवलेली असतात, त्यातली दोन-चार तळहातावर येतात. ती नाकारणे म्हणजे घराचा मान न राखणे. युरोपीय माणसांनी मळे काढण्याच्या कितीतरी आधीपासून ही कॉफी इथे आहे.

राज्येही आधीपासून होती. किझिबा, इहांगिरो, कारागवे अशी अनेक छोटी राज्ये या पट्ट्यात नांदत होती, आणि त्यांचे नातेगोते, देव आणि व्यापार उत्तरेच्या, आजच्या युगांडातील बुगांडा-बुन्योरो या राज्यांशी जोडलेले होते. १८६१ मध्ये नाईलचा उगम शोधत निघालेला ब्रिटिश प्रवासी स्पीक कारागवेचा राजा रुमान्यिका याच्याकडे पाहुणा म्हणून राहिला. १८९० मध्ये एमिन पाशा या शोधप्रवाशाने जर्मनांसाठी बुकोबाचे ठाणे वसवले, आणि त्याच वर्षी ब्रिटन व जर्मनी यांनी युरोपात बसून सरोवराच्या पश्चिमेची हद्द १ अंश दक्षिण अक्षांशावर ठरवून टाकली.

या रेषेने नदीची दखलच घेतली नाही, आणि पुढच्या साऱ्या दुःखाचे मूळ माझ्या मते तिथेच आहे. न्याबारोंगो आणि रुवुबु यांच्या संगमानंतर कागेरा नदी रुसुमोच्या धबधब्यावरून उत्तरेकडे जाते, मग पूर्वेला वळते, रेषेच्या दक्षिणेला उतरून क्याका या गावावरून वाहते आणि पुन्हा रेषा ओलांडून युगांडात सरोवराला मिळते. त्यामुळे नदीच्या उत्तरेला पण रेषेच्या दक्षिणेला सुमारे १,८०० चौरस किलोमीटरचा तुकडा उरला, कायद्याने टांझानियाचा आणि भूगोलाने तुटलेला. ऑक्टोबर १९७८ च्या अखेरीस युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याचे सैन्य याच तुकड्यात घुसले, नदी हीच खरी सरहद्द असल्याचे त्याने जाहीर केले, आणि नदीवरचा क्याकाचा पूल उडवून दिला. गावे लुटली गेली, गुरेढोरे हाकून नेली, असंख्य माणसे मारली गेली. टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या सैन्याने मुलूख परत घेतला आणि एप्रिल १९७९ मध्ये कंपाला गाठले. तोवर ‘पश्चिम सरोवर’ असे नाव असलेल्या या प्रांताला त्याच वर्षी कागेरा हे नाव मिळाले.

परंतु केवळ युद्ध जिंकून हा मुलूख टांझानियाचा झाला, असे मी मानत नाही. स्वातंत्र्यानंतर १९६३ मध्ये राजांचे अधिकार संपवले गेले, राजाच्या मर्जीतल्या जमीनदारांखाली कुळांना राबवणारी ‘न्यारुबांजा’ पद्धत पुढे कायद्याने मोडली गेली, आणि जमिनीवरचा कुळाचा हक्क मान्य झाला. सामान्य हाया कुटुंबाला नव्या राज्याशी बांधणारी गोष्ट हीच, असे मला तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना सतत जाणवे. आजचा कारभारही तळापर्यंत पोचलेला आहे. प्रांताला आणि जिल्ह्याला राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला आयुक्त असतो, त्याला समांतर निवडून आलेली जिल्हा परिषद असते, खाली प्रभाग, गाव आणि सर्वांत शेवटी ‘कितोंगोजी’, म्हणजे आपली वाडी. गावसभेत प्रत्येक प्रौढ रहिवाशाला बसता येते. रवांडातील वंशसंहाराच्या काळात, १९९४ च्या एप्रिलअखेरीस, सरहद्दीवरच्या रुसुमोच्या पुलावरून एका दिवसाच्या आसपास सुमारे अडीच लाख रवांडन माणसे न्गारा जिल्ह्यात आली, तेव्हा त्यांना सर्वांत आधी सामोरी गेली ती अशीच गावे.

हद्दी आतल्या आतही बदलत राहिल्या. २०१२ मध्ये चाटो जिल्हा नव्या गेटा प्रांतात गेला, कारागवेतून क्येर्वा वेगळा झाला. आता बुकोबा शहर व ग्रामीण, मिसेन्यी, मुलेबा, बिहारामुलो, न्गारा, कारागवे आणि क्येर्वा मिळून जवळपास ३० लाख लोकांचा हा प्रांत आहे.

तरीही तुमची शंका अगदीच निराधार नाही. कित्येक वर्षे कागेराच्या दिव्यांना वीज युगांडाच्या मसाकाहून आली. सरहद्दीपलीकडे भाव चांगला मिळाला की कॉफीची पोती रात्री पलीकडे जातात. सरकारच्या लेखी ती तस्करी आहे आणि त्यासाठी नाकाबंदीही होते, पण शेतकऱ्याला फळाचे पैसे वेळेवर आणि पुरेसे मिळाले तर तो मध्यरात्री पोते डोक्यावर घेऊन निघणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.