रोजचे दोन जीबी आणि महिन्याचे वीस जीबी

सध्या मी नाशिकला आलेय, इंदिरानगरला आईकडे. बहिणीचा मुलगा एप्रिलच्या सेमिस्टरसाठी जर्मनीत, आमच्या स्टुटगार्टला येणार आहे, त्यामुळे घरात कागदपत्रं, बॅगा आणि मसाल्यांच्या याद्या एवढंच चालू आहे. रात्री जेवणं झाली की तो टेबलावर लॅपटॉप उघडतो, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करतो आणि हॉटस्पॉट चालू करतो. परवा साडेअकराला त्याचं जर्मनचं लेक्चर मध्येच अडकलं. “नेट संपलं का रे?” म्हटलं, तर म्हणाला, “हो मावशी, पण बारा वाजता नवे दोन जीबी येतील की.” आणि बारा वाजून गेल्यावर लेक्चर खरंच पुढे चालू झालं.

तिकडे बारा वाजता काही येत नाही. जर्मनीत डेटा महिन्याच्या हिशेबाने मिळतो, प्रीपेड घेतलं तर बहुतेक चार आठवड्यांच्या. दहा जीबी, वीस जीबी, जसे पैसे तसा आकडा. आपल्याकडे रोज दोन जीबी म्हणजे २८ दिवसांत ५६ जीबी, आणि तेही दिवसादिवसाला वाटून दिलेले. आजचे उधळले तरी उद्याचे शाबूत असतात. तिकडे वीस जीबी पहिल्याच आठवड्यात उडवले की उरलेले तीन आठवडे तसेच काढायचे, नाहीतर पैसे भरून वरचा डेटा घ्यायचा. ही मुलं २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर मोठी झालीत. त्याआधी आपण एका जीबीला अडीचशेच्या आसपास मोजायचो आणि तो महिनाभर पुरवायचो, हे त्यांनी पाहिलेलंच नाही.

डेटा संपला म्हणजे नेट पूर्ण बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो, काही प्लॅनमध्ये ३२ वर. आपल्याकडेही तो ६४ वरच येतो, पण आपल्याला तो फक्त मध्यरात्रीपर्यंत सोसायचा असतो. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. तीन एमबीचा एक फोटो यायला सहा मिनिटं लागतात. साधा मेसेज जातो, पण नकाशा उघडत नाही, बँकेचं ॲप गोल गोल फिरत राहतं. ट्रेनमध्ये तपासनीस समोर उभा आहे आणि फोनमधलं तिकीट उघडत नाही, ही वेळ नव्या मुलांवर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

स्टुटगार्ट नाशिककरांना तसं परकं नाही. सातपूरची मायको, म्हणजे आताची बॉश, तिचं मुख्यालय स्टुटगार्टला लागूनच गेर्लिंगेनला आहे. मायको सर्कलच्या आसपास तिकडे जाऊन आलेला कोणी ना कोणी भेटतोच. पण कामासाठी गेलेली ही मंडळी बहुधा तयार फ्लॅटमध्ये उतरतात, तिथे वाय-फाय आधीच असतं. विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली तर तिथेही बहुतेक नेट भाड्यातच येतं. खरी परीक्षा असते ती स्वतःचं घर भाड्याने घेणाऱ्याची. घरच्या नेटच्या लाइनसाठी अर्ज केला की ती जोडून देणाऱ्या तंत्रज्ञाची तारीख मिळते, आणि ती कित्येकदा काही आठवडे पुढची असते. त्या दिवशी ‘आठ ते बारा’ असं काहीतरी सांगतात आणि तेवढा वेळ घरी थांबावं लागतं. खालच्या बेलवर आणि टपालपेटीवर तुमचं नाव हवंच. तिकडे फ्लॅटला नंबर नसतो, माणूस नाव वाचून बेल दाबतो. जुन्या भाडेकरूचं नाव तसंच राहिलं तर तो परत जातो.

आमच्याकडे नाव होतं, आम्ही घरात होतो, तरी तंत्रज्ञ आला नाही. संध्याकाळी कंपनीचा मेसेज आला की आपण घरी भेटला नाहीत, नवी तारीख कळवू. फार संताप झाला होता. मग ऑफिसमधल्या एकीने सांगितलं की १ डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दूरसंचार कायद्यात याची भरपाई आहे: कंपनीने ठरलेली भेट चुकवली तर दर वेळी दहा युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या वीस टक्के, जे जास्त असेल ते. रक्कम मोठी नाही, पण लेखी मागितली की पुढची तारीख पाळली जाते, हा माझा अनुभव. लाइन लागेपर्यंत फोनवर जादा डेटा देता का, हेही विचारून घ्यावं. काही कंपन्या देतात, पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

तोवर फोन हाच मोडेम. हॉटस्पॉट चालू केल्यावर डेटा जातो कुठे, हे समजून घ्या. लॅपटॉपला तुमचा हॉटस्पॉट घरच्या वाय-फायसारखाच दिसतो. ‘वाय-फाय मिळालं की करू’ म्हणून त्याने जी जी कामं राखून ठेवलेली असतात, ती सगळी तो त्या क्षणी काढतो. विंडोजचे अपडेट, फोटोंचा बॅकअप, क्लाउडमधल्या फाइली. तुम्ही एक मेल पाठवायला बसता आणि मागे दोन जीबी जातात. विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ नावाचं बटण आहे, ते चालू करा. त्याने बहुतेक अपडेट थांबतात. मॅकवर ‘लो डेटा मोड’ आहे. भाच्याच्या लॅपटॉपवर मी हे इथेच करून दिलं.

दुसरं म्हणजे वायर. चार्जिंगच्या वायरने फोन लॅपटॉपला जोडून यूएसबी टेदरिंग लावलं, म्हणजे फोनचं नेट वाय-फायऐवजी वायरने दिलं, तर बॅटरी उतरत नाही. जर्मनीतल्या इमारतींत शेजारपाजारच्या वाय-फायची एवढी गर्दी असते की वायरचं नेट जास्त स्थिर वाटतं. फोन खिडकीत ठेवा, जुन्या घरांच्या भिंती जाड असतात. आणि व्हिडिओ पाहायचाच असेल तर आधी क्वालिटी कमी करा. नेटफ्लिक्सचं स्वतःचं गणित आहे की एचडीला तासाला तीन जीबीपर्यंत लागतात आणि साध्याला एक. वीस जीबीत एचडीचे तीन सिनेमे पाहिले की महिन्याचं सामान संपलं.

नव्या मुलांत एक भीती पसरलेली असते: हॉटस्पॉट लावला तर कंपनी पकडते. कंपनीला कळू शकतं, हे खरं आहे. फोनमधून निघणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो आणि वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर तो एकने कमी होतो. फोनचं स्वतःचं पाकीट ६४ घेऊन निघतं. लॅपटॉपचं पाकीट फोनमधून गेलं की ६३ होतं, विंडोजचं असेल तर १२७, कारण ते १२८ घेऊन निघतं. एवढ्यावरून मागे दुसरं यंत्र आहे हे ओळखता येतं. पण ओळखलं तरी युरोपात त्यावरून तुम्हाला अडवायचा हक्क कंपनीला नाही. युरोपीय संघाचा २०१५ चा नियम सांगतो की आपलं नेट आपण आपल्या पसंतीच्या यंत्रावर वापरू शकतो. व्होडाफोनच्या एका योजनेत ठरावीक ॲप मोफत होती, पण हॉटस्पॉटवरून वापरली की तो डेटा मोजला जायचा. ते प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि २०२१ च्या सप्टेंबरात निकाल कंपनीच्या विरोधात लागला. पुढे २०२३ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानेही म्हटलं की मोबाइलचं सिम फक्त फोन-टॅबलेटमध्येच वापरा, राउटरमध्ये नको, अशी अट चालणार नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. विकत घेतलेल्या जीबीचं काय करायचं हे ग्राहकाने ठरवायचं, एवढी साधी गोष्ट लोकांनी कोर्टात भांडून मिळवली आहे.

अमेरिकेत असं नाही. तिकडच्या ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्ये हॉटस्पॉटसाठी बऱ्याचदा वेगळी मर्यादा असते. २०१२ मध्ये व्हेरायझन या तिकडच्या मोबाइल कंपनीने टेदरिंगची, म्हणजे फोनचं नेट दुसऱ्या यंत्राला देणारी, ॲप अडवल्याच्या प्रकरणात साडेबारा लाख डॉलर भरून तडजोड केली होती, तरी मर्यादा राहिल्याच. तिकडे जाणाऱ्यांनी प्लॅनमधला हॉटस्पॉटचा आकडा वेगळा वाचावा.

स्टुटगार्टकरांसाठी आणखी एक. जर्मनीचं सिम १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात जादा पैसे न घेता चालतं. स्वित्झर्लंड मात्र संघात नाही. नाशिकहून पाहुणे आले की आम्ही त्यांना ऱ्हाइनचा धबधबा दाखवायला नेतो, तो सीमेपलीकडे आहे. सीमेच्या अलीकडेही फोन कधीकधी स्विस टॉवर पकडतो. तुमच्या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड आहे का ते आधी पाहा, नसेल तर गाडीत बसतानाच रोमिंग बंद करा.

आता घरच्यांसाठी. मुलगा पोचल्यावर पहिले दोन आठवडे रोज व्हिडिओ कॉल करावासा वाटणार, साहजिक आहे. पण त्याच्याकडे लाइन नसताना तासभर चाललेला व्हिडिओ कॉल त्याच्या महिन्याच्या डेटातून जातो. नुसत्या आवाजाचा कॉल खूप कमी खातो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा या भागात ‘कॉलसाठी कमी डेटा वापरा’ असा पर्याय आहे, तो मी बहिणीच्या फोनवर लावला आणि मुलाच्याही. ती म्हणाली, चेहरा दिसला नाही तर चैन पडत नाही. मग असं ठरलं की चेहरा रविवारी, तो विद्यापीठाच्या वाय-फायवर बसून, आणि बाकीचे दिवस आवाज. विद्यापीठाचं वाय-फाय एडुरोम नावाचं असतं. त्याचं लॉगिन हातात पडलं की त्याच दिवशी फोन आणि लॅपटॉप दोन्हीत घालून घे, असं मी त्याला बजावलंय. सिनेमे, अपडेट, शहराचे ऑफलाइन नकाशे, सगळं तिथेच उतरवायचं आणि घरी फक्त मेल आणि अभ्यास.